घडीचा चाकू निवडताना पात्याआधी सांधा पाहावा

विदर्भातल्या शेतकरी घरात कापायच्या अवजारांना तोटा नसतो. विळा असतो, कुऱ्हाड असते, स्वयंपाकघरात विळी आणि सुरी असते. ही अवजारे विशिष्ट कामाला निघताना हातात घेतली जातात आणि काम संपले की गोठ्यात किंवा भिंतीच्या खुंटीवर परत जातात. घडीच्या चाकूचे तसे नाही. तो काम ठरलेले नसतानाही खिशात असतो, आणि म्हणूनच ठिबकची नळी ऐन पाण्याच्या पाळीत फाटली, खताच्या पोत्याची शिवण सुटेना झाली किंवा बैलबंडीला बांधलेला दोर अडकून बसला, तर तोच कामी येतो. मात्र तो घेताना बहुतेक जण पात्याची चकाकी आणि लांबी पाहतात. माझ्या मते घडीच्या चाकूचा भरवसा पात्यावर फार थोडा आणि पाते मुठीला जिथे जोडलेले असते त्या सांध्यावर फार जास्त अवलंबून असतो. विळ्याला सांधा नसल्यामुळे तो बोथट होईल, फार तर मुठीतून निसटेल. घडीचा चाकू मात्र वापरणाऱ्याच्याच बोटांवर मिटू शकतो.

पाते उघडे राहण्याच्या चार-पाच पद्धती प्रचलित आहेत आणि दुकानदार त्या समजावून सांगेल अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. सर्वांत जुन्या आणि साध्या पद्धतीत लॉक नसतेच. मुठीच्या पाठीतली एक कडक पट्टी पात्याच्या बुडाला दाबून धरते आणि तेवढ्या दाबावर पाते उघडे राहते. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचे लाल मुठीचे बहुतेक लहान चाकू या जातीचे आहेत. संत्रे सोलणे, सुतळी कापणे, कलमाची पट्टी सोडवणे एवढ्यासाठी ही पद्धत पुरेशी आहे, परंतु पात्याचे टोक कशात खुपसून दाब दिला की पाते मिटण्याची शक्यता नेहमीच राहते. त्यामुळे ज्याला चाकू अडीअडचणीसाठीही हवा आहे त्याने लॉक असलेलाच घ्यावा.

आज बाजारात सर्वाधिक आढळते ते आतल्या पत्रीचे लॉक. चाकू उघडला की मुठीच्या आतल्या बाजूची एक स्प्रिंगसारखी पत्री सरकून पात्याच्या बुडामागे येऊन बसते. मिटवताना ती अंगठ्याने बाजूला ढकलावी लागते. ही रचना स्वस्तात चांगली करता येते आणि तितक्याच सहजपणे वाईटही करता येते. नवा चाकू उघडून वरून पाहिले असता पत्री पात्याच्या बुडाच्या सुमारे पाव ते निम्म्या रुंदीपर्यंत आलेली दिसली पाहिजे. ती कडेलाच टेकली असेल तर थोड्याशा धक्क्याने सुटेल, आणि नव्या चाकूतच ती पलीकडच्या भिंतीला जाऊन भिडली असेल तर पुढे झीज सामावून घ्यायला जागाच उरत नाही. दुसरी पद्धत पाठीवरच्या लॉकची. तिच्यात मुठीच्या पाठीवर एक लांब पट्टी असते आणि तिचे टोक पात्याच्या खाचेत अडकते. हे लॉक मजबूत असते, पण त्या खाचेत चिखल वाळून बसला तर टोक पूर्ण आत उतरत नाही. आवाज ‘टक्’ असा यायच्या ऐवजी मंद येतो आणि लॉक लागल्याचा नुसता भास होतो. आपल्याकडची काळी कपाशीची माती ओली असताना कशातही शिरते आणि वाळली की दगडासारखी घट्ट होते, म्हणून ज्याचे काम वावरात आहे त्याने ही खाच दर काही दिवसांनी जुन्या दातघाशीच्या ब्रशने साफ केल्याशिवाय या लॉकवर विसंबू नये.

तिसरी पद्धत कड्याची आहे. फ्रान्सच्या सव्हॉय भागात १८९० पासून बनत आलेल्या ओपिनेल चाकूला १९५५ साली ती जोडली गेली. पाते उघडल्यावर मुठीच्या तोंडावरचे धातूचे कडे फिरवले की पाते मागे येऊ शकत नाही. यात बिघडण्यासारखे जवळजवळ काहीच नाही आणि कडे लागले आहे की नाही हे डोळ्यांना सरळ दिसते. उणीव वेगळीच आहे. त्याची नेहमीची मूठ लाकडाची असल्याने पावसात ती फुगते आणि पाते आतच आवळून बसते. अशा वेळी नखाने ओढत बसण्यापेक्षा कडे मोकळे करून मुठीचे मागचे टोक लाकडावर हलके ठोकले असता पाते थोडे वर येते आणि मग चिमटीत धरता येते. अलीकडे मुठीतून आडवी जाणारी कांडी मागे ओढून मिटवायचे लॉकही मिळू लागले आहे. त्यात मिटवताना बोटे पात्याच्या वाटेत येत नाहीत आणि डावखुऱ्यालाही ते सारखेच सोयीचे पडते. मात्र त्याच्या आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगा तुटल्या तर तालुक्याच्या गावीही त्या मिळणार नाहीत, हे घेण्याआधी लक्षात असावे.

खटका दाबताच पाते उसळून बाहेर येणारा, रामपुरी म्हणून ओळखला जाणारा चाकू मात्र घेऊच नये. तो खिशात चुकून उघडू शकतो, त्याचा खटका धुळीने लवकर नादुरुस्त होतो, आणि पोलिसांनी तपासणी केली तर शेतीकामासाठी बाळगला असे कितीही सांगितले तरी पटणे अवघड जाते.

दुकानात, किंवा मागवलेला चाकू घरी आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी, एवढी तपासणी करावी. चाकू पूर्ण उघडून पाते चिमटीत धरावे आणि डावी-उजवीकडे, मग वर-खाली हलवून पाहावे. आडवे हलणे बहुधा सांध्याचा स्क्रू आवळला की थांबते. वर-खाली हलणे हा लॉक नीट बसत नसल्याचा पुरावा असतो आणि त्याला घरगुती इलाज नाही, त्यामुळे तसा चाकू निमूटपणे परत करावा. त्यानंतर मूठ फक्त दोन्ही बाजूंनी अशी धरावी की एकही बोट पात्याच्या वाटेत राहणार नाही, आणि पात्याची पाठ लाकडी फळीच्या कडेवर टेकवून हळूहळू जोर वाढवत दाबावी. लॉक सुटायचे असेल तर ते इथेच सुटावे. पाठ जोरजोराने आपटून पाहण्याची जी पद्धत काही जण दाखवतात तिने चांगले लॉकही खराब होते. शेवटी मिटलेला चाकू उलटा धरून झटका द्यावा आणि पाते आपोआप बाहेर डोकावत नाही ना हे पाहावे.

सांधा रिव्हेटचा आहे की स्क्रूचा, हेही विचारात घ्यावे. रिव्हेट सैल झाल्यास गावचा लोहार तो दोन ठोक्यांत आवळून देतो, पण तो खोलून साफ करता येत नाही. स्क्रूचा सांधा साफ करता येतो. मात्र त्याला चांदणीच्या आकाराचे पेचकस लागते, आणि ते गावातल्या हार्डवेअरच्या दुकानापेक्षा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सापडण्याची शक्यता जास्त असते. पाते सुळकन उघडावे म्हणून काही चाकूंच्या सांध्यात बारीक छर्ऱ्यांचे बेअरिंग बसवलेले असते. धुळीच्या कामात त्यापेक्षा पितळी किंवा नायलॉनच्या साध्या चकत्या बऱ्या पडतात, कारण त्यांत माती अडकली तरी पाण्याने धुऊन निघते.

पात्याच्या लांबीबद्दल फार बोलण्याची गरज नाही. ७ ते ९ सेंटीमीटर लांबी आणि २ ते ३ मिलिमीटर जाडी असलेल्या पात्याने रोजची सर्व कामे होतात. याहून लांब पाते खिशात अवघडते आणि सांध्यावरचा ताण वाढवते. जाड पाते भक्कम वाटते खरे, पण कांदा कापताना ते कापण्याऐवजी फोडते. झाकण उचकटणे, खिळा उपसणे, खाट आवळताना पाते मध्ये घालून पिळणे या कामांनी चांगल्यातला चांगला चाकूही टोकाशी मोडतो, आणि त्यासाठी वेगळा पेचकस किंवा पकड ठेवणे स्वस्त पडते.

पोलादाच्या नावांचा मात्र थोडा उलगडा करायला हवा, कारण जाहिरातीत गोंधळ इथेच घातला जातो. पोलादातला कार्बन त्याला कठीणपणा देतो आणि क्रोमियम त्याला गंजापासून वाचवतो. साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असेल तर ते स्टेनलेस समजले जाते. चिनी बनावटीच्या पात्यावर ३सीआर१३ किंवा ८सीआर१३ असे लिहिलेले असते. त्यातला पहिला आकडा दहाने भागला की कार्बनची टक्केवारी मिळते, म्हणजे अनुक्रमे ०.३ आणि ०.८, आणि शेवटचा १३ हा आकडा क्रोमियमची टक्केवारी सांगतो. पहिल्या पोलादाची धार लवकर जाते आणि लवकर लागते, तर दुसऱ्याची धार बऱ्यापैकी टिकते. डी२ या पोलादात सुमारे दीड टक्का कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असते, परंतु त्यातले बरेच क्रोमियम कार्बनशी बांधले गेलेले असल्याने ते पूर्ण स्टेनलेस ठरत नाही. शिवाय त्याला साध्या दगडावर धार लावताना हात दुखून येतात. ज्याच्याकडे धार लावायला एकच कार्बोरंडमचा दगड आहे त्याने ८सीआर१३ किंवा त्याच्या तोडीचे मध्यम पोलाद पसंत करावे, असे मला वाटते. पात्यावर कुठल्याच पोलादाचे नाव नसून नुसते ‘स्टेनलेस’ किंवा ‘जपान स्टील’ लिहिलेले असेल तर ते सर्वांत हलके पोलाद समजून तेवढीच किंमत मोजावी.

वरूड, मोर्शी, काटोल या संत्र्याच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरते. संत्र्या-लिंबाच्या रसातले आम्ल साध्या कार्बन पोलादाला काही मिनिटांत काळपट करते. हा काळपटपणा गंज नव्हे आणि त्याने धार बिघडत नाही, पण ओले पाते तसेच मिटून ठेवले तर मात्र सकाळी सांध्याजवळ तांबूस गंज दिसतो. बगीच्यात एका झाडाचा रोग दुसऱ्या झाडाला जाऊ नये म्हणून पाते सोडियम हायपोक्लोराइटच्या, म्हणजे साध्या ब्लीचच्या पाण्यात बुडवले जाते. झाडांसाठी हे योग्यच आहे, परंतु या पाण्याने स्टेनलेस पात्यालाही बारीक खड्डे पडतात, म्हणून काम संपताच ते स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करणे आवश्यक आहे. कलमासाठी झाडाचा डोळा बांधण्याच्या कामाला तर खिशातला चाकू वापरूच नये. कलमाच्या चाकूची धार बहुधा एकाच बाजूने घासलेली असते. त्यामुळे डोळा काढताना काप सपाट येतो, आणि त्या धारेने एकदा जरी खताचे पोते फाडले तरी तिचा तो गुण जातो.

ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते ती म्हणजे फवारणी. कीटकनाशकाचे पाकीट किंवा बाटलीचे सील खिशातल्या चाकूने फोडायचे, पाते पॅन्टला पुसायचे, मिटायचे आणि दुपारी धुऱ्यावर बसून त्याच पात्याने कांदा चिरायचा, हा प्रकार कपाशीच्या पट्ट्यात नवा नाही. विळा धुतला की धुतला जातो. घडीच्या चाकूत मात्र पात्याच्या बुडाशी आणि मुठीच्या खोबणीत औषध साचून राहते आणि वरवर पुसल्याने निघत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर हातमोजे आणि मास्क यांबद्दल पुष्कळ सांगितले गेले. पण पाकिटासाठी वेगळी कात्री पंपाच्या जवळच बांधून ठेवावी आणि ती घरात आणू नये, ही साधी गोष्टही तितकीच पाळण्यासारखी आहे.

मुठीबद्दल एवढेच की ती ओल्या हातात घसरू नये आणि मातीत पडली तर दिसावी. काळ्या मातीत काळी मूठ शोधणे किती त्रासाचे असते ते सोयाबीन सोंगताना चाकू हरवलेल्या कोणालाही विचारावे. नारिंगी किंवा पिवळी मूठ दिसायला उथळ वाटली तरी तीच घ्यावी. मुठीला दोरी ओवायला छिद्र असणे स्त्रियांच्या दृष्टीने विशेष उपयोगाचे आहे, कारण लुगड्याला किंवा साडीला खिसा नसतो आणि कमरेला खोचलेला चाकू निंदताना वाकले की पडतो.

अडीअडचणीच्या प्रसंगी चाकू कशासाठी वापरायचा यापेक्षा कशासाठी वापरायचा नाही, हे आधी ठरवलेले बरे. साप चावला असता जखमेला चिरा देऊ नये. चिऱ्याने विष बाहेर येत नाही. उलट घोणस किंवा फुरशासारख्या सापाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडलेली असते आणि केलेली चीर वाहतच राहते. पायाला आवळून दोरीही बांधू नये. रोग्याला शांत ठेवून, चावलेला हात किंवा पाय न हलवता, १०८ वर फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने सर्पविषावरची लस असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे. चाकूचे काम इतकेच की पायातला काळा दोरा, हातातला गंडा किंवा घट्ट कपडा सूज चढण्याआधी कापून टाकावा. त्याचप्रमाणे तुटून पडलेल्या विजेच्या तारेला किंवा रानडुकरांसाठी कोणी प्रवाह सोडलेल्या कुंपणाला चाकू लावणे म्हणजे स्वतःचा जीव घालवणे होय. तिथे आधी वीज बंद करण्याखेरीज दुसरा मार्ग नाही. आणि ताडोबाच्या आसपासच्या गावांत वाघासाठी म्हणून जो कोणी चाकू बाळगत असेल त्याने चाकूऐवजी सोबत बाळगावी.

खरा उपयोग होतो तो अडकलेले सोडवण्यात. ओढणी किंवा साडीचा पदर मोटारसायकलच्या चाकात गुंतला, दुपट्टा मळणी यंत्राच्या पट्ट्यात ओढला गेला, तर सर्वप्रथम इंजिन बंद करावे. चाक उलटे फिरवण्याच्या खटपटीत न पडता गळा आणि चाक यांच्यामधले ताणलेले कापड कापावे. बैल पडून दावे गळ्याला आवळले असेल तर शक्यतो गळ्यापासून दूर, खुंटा आणि मान यांमधल्या ताणलेल्या भागावर पाते चालवावे आणि दोर सुटताना फटका बसू नये म्हणून बाजूला उभे राहावे. एवढ्याने फास ढिला झाला नाही तर दोर आणि कातडी यांच्यामध्ये बोट घालून, पात्याची पाठ जनावराकडे आणि धार बाहेर ठेवून कापावे. या प्रसंगांत दुसरा हात दोर किंवा माणूस धरण्यात गुंतलेला असतो, म्हणून एका हाताने उघडता येणारे पाते, म्हणजे अंगठ्यासाठी छिद्र किंवा बोंड असलेले पाते, इथे कामाला येते. टोक अणकुचीदार नसून बोथट, खाली वळलेले असेल तर अंगाजवळ कापताना भोसकण्याचा धोका उरत नाही. नायलॉनच्या दोरावरून गुळगुळीत धार घसरते, तर करवतीसारखे दाते त्याला धरून कापतात. त्यामुळे ज्याच्याकडे जनावरे आहेत त्याने बुडाकडे थोडे दाते असलेले पाते घेतले तर हरकत नाही, जरी त्या दात्यांना धार लावणे कटकटीचे असते.

धारेची निगा अवघड नाही. ओल्या दगडावर दोन्ही बाजूंनी साधारण २० अंशांचा कोन धरून पाते घासावे. धारेच्या पलीकडे नखाला अडणारी बारीक कड जाणवली की बाजू बदलावी, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट दिशेने ओढून ती कड काढून टाकावी. आठवडी बाजारातल्या फिरत्या चाकावर धार लावून घ्यायची असेल तर पाते मध्ये मध्ये पाण्यात बुडवायला सांगावे. धारेवर निळसर छटा आली की पोलाद सुमारे ३०० अंशांपर्यंत तापून त्याचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरले असे समजावे, आणि तेवढा भाग घासून काढल्याशिवाय ती धार पुन्हा टिकत नाही. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या उन्हाने मात्र, तो कितीही तापला तरी, पोलादाला काही होत नाही. सांध्याला शिवणयंत्राचे एक थेंब तेल पुरते. जवसाचे तेल लाकडी मुठीला उत्तम, कारण ते लाकडात शिरून वाळते. याच कारणाने ते सांध्यात कधीही घालू नये, तिथे ते चिकट होऊन पाते जखडते.

कायद्याची बाजूही माहीत असावी. शस्त्र अधिनियम १९५९ खालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांच्या यादीत येतात, आणि घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळलेली आहेत. खिशातला चाकू या मापाच्या खूपच आत असतो. परंतु सण, निवडणूक किंवा तणावाच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जो मनाई आदेश निघतो, त्यात चाकू आणि काठीसुद्धा बाळगण्यास बंदी घालता येते, आणि तेव्हा पात्याची लांबी विचारात घेतली जात नाही. अशा दिवसांत मिरवणुकीला, सभेला किंवा तालुक्याच्या कचेरीत जाताना चाकू घरीच ठेवावा. नागपूरहून विमानाने जाणाऱ्याने तो हातातल्या पिशवीत न ठेवता सामानात द्यायच्या बॅगेत टाकावा, नाही तर सुरक्षा तपासणीत तो काढून घेतला जातो.